कर्नाक बंदरची लूट आणि ‘आपला’ गुंड

सोलापूर-धुळे महामार्ग आणि बार्शी-लातूर रस्ता येडशीला एकमेकांस छेदतात. रामलिंगाच्या दर्शनार्थींनी दिवसा गजबजणारा हा परिसर अंधार पडला की मालमोटारींच्या दिव्यांपुरता उरतो. येथून उत्तरेकडे येरमाळा, तेरखेडा या पट्ट्यात वाहने अडवून लुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. रस्ता चौपदरी झाला, पथकर नाके उभे राहिले, पण बातम्या थांबल्या नाहीत. आपण त्या वाचतो आणि पान उलटतो. चार दांडग्यांनी हात मारला, पोलीस पाहून घेतील, अशी आपली सोयीस्कर समजूत असते. ही समजूत महाराष्ट्राला किती महाग पडली, याचा हिशेब मुंबईतील एका लुटीपासून मांडावा लागतो.

४ डिसेंबर १९७४. कर्नाक बंदर, येथील जुन्या कर्नाक पुलाच्या जागी उभारलेल्या नव्या पुलाला २०२५ साली ‘सिंदूर’ हे नाव मिळाले. रोकड घेऊन निघालेली गाडी काही सशस्त्र तरुणांनी अडवली आणि ४ लाख ७५ हजार रुपये लुटले. पैसा तस्कर हाजी मस्तानचा आहे, अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्षात तो मेट्रोपोलिटन को-ऑपरेटिव्ह बँकेचा, म्हणजे सामान्य ठेवीदारांचा निघाला. टोळीच्या म्होरक्याला १९ वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्याचा, गुन्हे शाखेतील हेड कॉन्स्टेबल इब्राहिम कासकर यांचा तो मुलगा दाऊद. पत्रकार हुसेन झैदी यांच्या वृत्तान्तानुसार बापाने मुलाला पट्ट्याने फोडून काढले आणि स्वतःच पोलिसांपुढे उभे केले. एका हेड कॉन्स्टेबलने आपले कर्तव्य केले. त्याच्या वरच्यांनी काय केले?

त्याच डिसेंबरमध्ये तस्करांना स्थानबद्ध करण्याचा ‘कोफेपोसा’ कायदा अमलात आला. आणीबाणीत बडे तस्कर गजाआड गेले आणि त्यांची जागा रिकामी झाली. दुसरीकडे दक्षिण मुंबईत पठाणांच्या टोळीने उच्छाद मांडला होता. तिला आवरण्यासाठी काट्याने काटा काढावा, या विचाराने पोलिसांनीच या उगवत्या पोरांकडे कानाडोळा केला, असे झैदी नोंदवतात. काट्याने काटा निघतो खरा, पण दुसरा काटा हातात राहतो, याचे भान कोणाला नव्हते.

पुढची दहा वर्षे रक्ताची गेली. फेब्रुवारी १९८१ मध्ये प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर दाऊदचा भाऊ साबीर मारला गेला. पठाण अमीरजादा आणि आलमजेब यांच्या जोडीला या कटात होता मनोहर ऊर्फ मन्या सुर्वे. कीर्ती महाविद्यालयात शिकलेला मराठी तरुण, स्वतःही दरोडेखोर. जानेवारी १९८२ मध्ये वडाळ्याला तो पोलिसांच्या गोळीने मेला. १९८३ साली अमीरजादाला भर न्यायालयात टिपले ते डेव्हिड परदेशीने. दाऊदसाठी ही सुपारी घेणारा होता बडा राजन. नावे पाहा. मराठी, पठाण, कोकणी, केरळी, हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती. कोण कोणाच्या बाजूने मारत होते, याचा धर्माशी काडीचाही संबंध नव्हता. संबंध होता तो तस्करीच्या मार्गाशी आणि हप्त्याशी.

त्याच तस्करीच्या मार्गाने १९९३ च्या आरंभी रायगडच्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रे व आरडीएक्स उतरले. माल घेऊन निघालेली वाहने पोलिसांनी अडवली होती. लाच ठरली आणि रोकड हाताशी नाही म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून ती सोडण्यात आली. सीमाशुल्क खात्याचे अधिकारीही पुढे दोषी ठरले. सोने-चांदी येऊ देण्याची सवय लागलेल्या हातांनी स्फोटकेही येऊ दिली. १२ मार्चला १२ स्फोट झाले, २५७ माणसे मेली.

येथे आपल्या वाचकांना रुचणार नाही असे काही लिहिणे भाग आहे. स्फोटांनंतर दाऊदपासून फुटलेल्या छोटा राजनला ‘देशभक्त डॉन’ ठरवण्याची हौस अनेकांना आली. ‘त्यांचा’ आहे, तर ‘आपलाही’ हवा, हे वाक्य सुशिक्षित दिवाणखान्यांतही ऐकू येत असे. पत्रकार ज्योतिर्मय डे यांच्या २०११ सालच्या खुनाबद्दल त्याच राजनला २०१८ साली जन्मठेप झाली. दगडी चाळीच्या अरुण गवळीला मतदारांनी २००४ साली विधानसभेत पाठवले. २०१२ साली तो दोषी ठरला तो शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या खुनासाठी. ‘आपल्या’ गुंडांचे बळी कोण, हे निराळे सांगावयास नको.

येडशीच्या महामार्गाशी याचा संबंध काय? संबंध आहे तो लुटीच्या मालाचा. मालमोटारीवरून उतरवलेली खोकी, कापलेली गंठणे दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी दुकानी, कोणाच्या तरी मुशीत जातात. विकत घेणारा नसेल तर लूट चालत नाही. या घेणाऱ्याचे नाव गावात बहुधा ठाऊक असते. तो उत्सवाला वर्गणी देतो, लग्नात पुढच्या खुर्चीवर बसतो. त्याच्याविषयी मौन पाळायचे आणि बोट मात्र पालावरच्या पारध्याकडे दाखवायचे, ही आपली रीत. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला, मनातून नाही. याच जिल्ह्यातील यमगरवाडीला जाऊन आलेल्या कोणाही कार्यकर्त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

राज्याकडे १९९९ पासून ‘मकोका’ आहे, पण तो चालतो साक्षीवर आणि साक्षीदार बोलतो तो निर्भय असेल तरच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने अशी योजना राज्यांवर बंधनकारक केली आहे. ज्या ढाबेवाल्याने किंवा चालकाने काही पाहिले आहे, त्याला हा अर्ज करता येतो हेच मुळी ठाऊक नसते. येडशीहून धाराशिवचे जिल्हा न्यायालय वीस-एक किलोमीटरवर आहे. तेथवर त्याच्या सोबत कोणी जावे, हा प्रश्न गावोगावच्या कार्यकर्त्यांनी आपल्या पुढच्या बैठकीत घ्यावा.