फलकावर न आलेले यश

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांचा चेहरामोहरा एका रात्रीत बदलतो. चौकाचौकांत फलक उभे राहतात, त्यांवर गुणवंतांची छायाचित्रे झळकतात, नव्वदीच्या पुढील टक्केवारी ठळक अक्षरांत छापली जाते आणि कडेला संस्थेच्या अध्यक्षांपासून सचिवांपर्यंत सर्वांचे हसतमुख दर्शन घडते. ज्या शिक्षकाने वर्षभर बीजगणिताचे तास घेतले त्याचे नाव बहुधा त्या फलकावर नसते. शिक्षण मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली त्याला बरीच वर्षे लोटली. परंतु मंडळाच्या दप्तरातून निघालेली ती यादी चौकात येऊन उभी राहिली, असेच म्हणावे लागेल.

गुणवंतांचे कौतुक करू नये, असे कोणीही म्हणणार नाही. कष्ट करणाऱ्या मुलाच्या पाठीवर थाप पडलीच पाहिजे. तथापि शाळा ज्याचा गौरव करते तेच तिला मोलाचे वाटते, असा अर्थ मुले, पालक आणि खुद्द शिक्षकही घेत असतात. २०२४ साली राज्याचा दहावीचा निकाल ९५.८१ टक्के लागला आणि १८७ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले. उत्तीर्ण होणे जेथे इतके सार्वत्रिक झाले तेथे शाळांची चढाओढ दशांश चिन्हापुढील आकड्यांवर येऊन ठेपावी, हे ओघानेच आले. याच देशात २०१८ साली ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही वाचता येत नसल्याचे दिसून आले होते. तिसरी पूर्ण होईपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब करता यावेत, यासाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारला ‘निपुण भारत’ अभियान हाती घ्यावे लागले. म्हणजे शिक्षणाची खरी लढाई चालली आहे ती तिसरीच्या वर्गात आणि नगारे वाजतात ते दहावीच्या दारात!

तिसरीच्या वर्गातील यश डोळ्यांत भरणारे नसते. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेला मुलगा हंगाम संपल्यावर परततो आणि महिन्या-दोन महिन्यांत जोडाक्षरे न अडखळता वाचू लागतो. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी एके दिवशी परिपाठात उभी राहून बातम्या वाचते. घरी कोरकू बोलणारे मूल मराठीतून पहिला प्रश्न विचारते. हातच्याची वजाबाकी कोणाला अचानक उमगते. यांपैकी एकाही घटनेला टक्केवारी लावता येत नाही आणि एकीचाही फलक होत नाही. त्यामागचे महिने केवळ त्या शिक्षकाला ठाऊक असतात. शेजारच्या वर्गावरील शिक्षकालाही पुष्कळदा त्याचा पत्ता नसतो, कारण शिक्षक-खोलीतील मधली सुटी माहितीचे तक्ते भरण्यात आणि वेतनाच्या, बदल्यांच्या चर्चेत निघून जाते.

वास्तविक वर्गातील अनुभव लिहून ठेवण्याची आणि तो व्यवसायबंधूंपर्यंत पोहोचविण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकर व त्यांच्यामागून विष्णुशास्त्री यांनी एकोणिसाव्या शतकात ‘मराठी शालापत्रक’ चालविले. १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. तेथून कोसबाडला गेलेल्या या कार्याचा वृत्तांत अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात लिहिला, म्हणूनच तो डहाणू तालुक्याबाहेरच्या शिक्षकांना कळला. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि वर्गात काय घडते, मुले काय बोलतात, कोणता प्रयोग फसतो हेही त्या लिहीत राहिल्या. या सर्वांनी निकालाच्या आकड्यांपेक्षा मुलांच्या घडण्याची नोंद महत्त्वाची मानली.

मुलांच्या वार्तेइतकीच सहकाऱ्यांची वार्ताही शाळेसाठी महत्त्वाची असते. ती सध्या दोनच प्रसंगी कळते: कोणी रुजू झाला तेव्हा आणि कोणी निवृत्त झाला तेव्हा. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भाषणे होतात. पण तीस वर्षांत त्या शिक्षकाने जे कमावले, म्हणजे कोणत्या वस्तीवरच्या मुलांना कोणत्या महिन्यात गैरहजेरीची खोड लागते, अपूर्णांक कशाने कळतो, कोणत्या पालकाशी कसे बोलावे, ते सारे शालीबरोबर घरी जाते. २०१७ पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकीय प्रणालीने होऊ लागल्या. वशिल्याला आळा घालण्याचा हेतू स्तुत्यच होता. परंतु पदभार सोपविताना साहित्याची यादी दिली-घेतली जाते. मुलांविषयीचे ज्ञान त्या यादीत नसते. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे उमेदवारी करणाऱ्या तरुणाचे मानधन २०२३ च्या जानेवारीपासून प्राथमिक शाळेत ६,००० रुपयांवरून १६,००० रुपये झाले, हे योग्यच झाले. पण त्याचा वर्ग पहिल्यांदा वाचू लागला तेव्हा केंद्रातील एकाही शिक्षकाने त्याला ‘कसे केलेस?’ असे विचारले नसेल, तर ती उणीव मानधनाने भरून निघणारी नाही.

हा प्रश्न केवळ कौतुकाचा नाही. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांऐवजी समूह शाळा काढण्याची कल्पना २०२३ मध्ये शिक्षण खात्याने पुढे आणली तेव्हा मोठे वादळ उठले. त्या वादात पटसंख्या होती, खर्च होता, वाहतुकीची सोय होती. त्या शाळांत मुले काय शिकली याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. ती होणार तरी कशी? ज्या शाळेने आपल्या यशाची नोंद केलेली नाही, तिच्याविषयी खात्याकडे असतो तो केवळ पटाचा आकडा. दोन शिक्षकांच्या वाडीवरच्या शाळेला आपली बाजू मांडायची असेल तर तिला आपल्या वर्गातली वार्ता सांगता आली पाहिजे.

श्रेय वाटून घेण्याचा एक वस्तुपाठही महाराष्ट्रातच घडला आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये १० लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्या रकमेची वर्तमानपत्रांत मोठी चर्चा झाली. एकाचे यश हे अनेकांच्या कामाचे फळ असते, या त्यामागच्या जाणिवेची चर्चा त्या मानाने थोडी झाली.

यावर उपाय म्हणून खात्याने एखादे परिपत्रक काढावे, अशी सूचना कोणाच्या मनात आली तर ती तेथेच आवरावी. परिपत्रक निघाले की नमुना येतो, नमुन्यामागून छायाचित्रे पाठविण्याचा आदेश येतो आणि शिकवणे बाजूला ठेवून शिक्षक ‘यशोगाथा’ जुळवू लागतो. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली असतानाही कागदांचा भार हलका झालेला नाही. त्यात कौतुकाच्या कागदांची भर नको.

मुख्याध्यापकांनी मनावर घेतले तर एवढे होऊ शकते: महिन्यातून एकदा शिक्षकांच्या सभेची पहिली वीस मिनिटे हिशेब आणि सूचनांना न देता वर्गातील वार्तेला द्यावीत. प्रत्येकाने एक जमलेली आणि एक न जमलेली गोष्ट सांगावी. केंद्राच्या शिक्षण परिषदेतही हाच प्रघात पडावा. पोषण आहार शिजविणाऱ्या बाई आणि शाळेचे शिपाई यांनाही तेथे स्थान असावे; कोणते मूल उपाशी येते हे पुष्कळदा त्यांनाच आधी कळते. बदली होऊन जाणाऱ्याने वहीची चार पाने मागे ठेवावीत. एक पथ्य मात्र पाळावे. ‘अखेर वाचायला शिकला’ म्हणून एखाद्या मुलाला सर्वांसमोर उभे करणे हा गौरव नव्हे. ते त्याच्या उणिवेचे प्रदर्शन होय. त्याचे कौतुक त्याच्या कानात आणि त्याच्या आईच्या कानात झाले तरी पुरेसे आहे. त्याच्या शिक्षकाचे कौतुक मात्र सहकाऱ्यांनी मोकळेपणाने करावे.

चौकातले फलक पहिल्या पावसात फाटतील. त्यांवर ज्यांची छायाचित्रे कधीच येणार नाहीत, अशा मुलांची संख्या कितीतरी मोठी आहे आणि त्यांना शिकविणारे शिक्षकही बहुसंख्य आहेत. त्यांच्या यशाची दखल निदान त्यांच्या शाळेने तरी घेतली पाहिजे. ज्या शाळेला आपल्याच वर्गांत काय घडते आहे याची वार्ता नाही, तिने निकालाची टक्केवारी कितीही मिरविली तरी त्या टक्केवारीचे श्रेय तिला सांगता येणार नाही.