ओळख, पत आणि भांडवल

शेजारच्या लहान उद्योगात शेजाऱ्यांनीच थोडेथोडे पैसे घालावेत व त्याच्या नफ्यातोट्याचे वाटेकरी व्हावे, या कल्पनेला अलीकडे ‘क्राउडफंडिंग’ असे भारदस्त नाव प्राप्त झाले आहे. अमेरिकेत २०१२ साली त्यासाठी कायदा झाला आणि मे २०१६ पासून तेथील सामान्य नागरिकाला लहान कंपन्यांत अल्प रकमेचे भाग घेण्याची वाट मोकळी झाली. रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी अनेकांकडून देणग्या गोळा होताना आपण सारे पाहतोच. येथे विचार देणगीचा नसून गुंतवणुकीचा आहे.

बडोदेकरांना ही कल्पना परकी वाटण्याचे काहीच कारण नाही. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण तथा भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली याच नगरीत ‘अन्योन्य सहाय्यकारी मंडळी’ स्थापन झाली. सभासदांनी काटकसर करावी, शिल्लक एकत्र आणावी आणि गरजू सभासदाला त्यातूनच कर्ज द्यावे, असा साधा हेतू. हिंदुस्थानातील पहिला सहकारी पतसंस्था कायदा १९०४ चा. म्हणजे आपल्या पूर्वसूरींनी कायद्याची पंधरा वर्षे वाट न पाहता काम आरंभिले होते. औषधनिर्मितीतील ‘अ‍ॅलेम्बिक’चा आरंभही बडोद्याचाच, १९०७ चा, आणि तिच्या संस्थापकांत प्रा. गज्जर व अमीन यांच्याबरोबर प्रा. कोटिभास्कर हे मराठी नावही आहे.

आज आपली बचत कोठे जाते? मुदतठेवींत, म्युच्युअल फंडांत, क्वचित एखाद्या दूरच्या गावच्या भूखंडात. यात गैर काही नाही. तथापि, ज्या रावपुऱ्यात वा दांडिया बाजारात आपण दवाखाना थाटला, तेथील एखाद्या लहान उद्योगात आपला एक रुपयाही नसावा, हे मला खटकते.

माझ्याकडे अनेक वर्षे उपचारासाठी येणाऱ्या एक भगिनी घरी भाजणी, मेतकूट, कडबोळी तयार करून विकतात. मागणी भरपूर आहे. मोठी चक्की व भाड्याची जागा मिळाली तर आणखी चार जणींना काम देता येईल. कोणी म्हणेल, २०१५ पासून मुद्रा योजनेत तारणाविना कर्ज मिळते, मग शेजाऱ्यांच्या पैशाचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की कर्जाचा हप्ता धंद्याची मंदी जाणत नाही. दिवाळीत विक्री दुप्पट होवो की पावसाळ्यात निम्म्यावर येवो, हप्ता तोच असतो. भागीदाराचे भांडवल मात्र बऱ्यावाईट दिवसांत सोबत राहते. लहान उद्योगाला पहिली दोनतीन वर्षे अशा सोबतीची गरज असते, आणि ती देण्यास शेजाऱ्याइतका योग्य माणूस नाही. कारण कोणाचा माल चोख आहे व कोण दिलेला शब्द पाळतो, हे त्याला ठाऊक असते.

परंतु येथेच धोकाही आहे. ‘अन्योन्य’ पुढे बँक झाली, शतकाहून अधिक काळ चालली आणि या शतकाच्या पहिल्याच दशकात अडचणीत येऊन तिचा स्वतंत्र कारभार संपला. २०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांचे झालेले हाल तर ताजेच आहेत. आपल्या माणसांची संस्था म्हणून ठेवलेला विश्वास हिशेबतपासणीची जागा घेऊ शकत नाही, एवढा बोध यातून निश्चित घ्यावा. रुग्णाचा चेहरा पाहून आपल्याला निदान सुचते. पण रक्त तपासल्याखेरीज आपण ते पक्के मानीत नाही. परिचय ही उत्तम रोगकथा आहे, ती तपासणी नव्हे.

कायद्याच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्या लागतील. सेबीने २०१४ मध्ये या विषयावर विचारपत्र काढले; सर्वसामान्यांसाठी नियमावली मात्र त्यातून निघाली नाही. उलट २०१६ मध्ये अनधिकृत संकेतस्थळांविषयी सावधगिरीचा इशाराच आला. खाजगी कंपनीला जाहिरात करून भाग विकता येत नाहीत आणि एका आर्थिक वर्षात २०० हून अधिक सर्वसामान्य व्यक्तींना ते देऊ करता येत नाहीत. २०१९ च्या कायद्याने तर अनियंत्रित ठेवी गोळा करणे हा गुन्हा ठरविला आहे. म्हणून आपल्या मंडळाने कोणाकडूनही एक पैसाही गोळा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग मंडळाने करावे तरी काय? वर्षातून एकदा आठदहा होतकरू उद्योजकांना सभासदांसमोर बोलवावे. त्यांचे तीन वर्षांचे हिशेब एखाद्या सनदी लेखापालाने आधी पाहिलेले असावेत. ज्या सभासदाला इच्छा होईल त्याने व्यक्तिशः पुढे यावे. २००८ च्या कायद्यानुसार मर्यादित दायित्वाची भागीदारी अर्थात एलएलपी स्थापन करता येते. चारपाच जणांनी उद्योजकासह ती करावी. वाटा, हिशेब दाखविण्याची मुदत आणि बाहेर पडण्याची रीत आरंभीच लेखी ठरवावी. बुडाली तरी घरचा संसार डळमळणार नाही, एवढीच रक्कम घालावी. ठरावीक परताव्याचे आश्वासन देणाऱ्यास प्रथमच नमस्कार करावा.

एक नियम मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. डॉक्टरने स्वतःच्या रुग्णाच्या धंद्यात पैसे घालू नयेत. ज्याचे औषध घ्यायचे त्यालाच हिशेब द्यायचा, अशा स्थितीत रुग्ण मोकळेपणाने आपले दुखणे सांगणार नाही आणि भागीदारही मोकळेपणाने प्रश्न विचारणार नाही. वर उल्लेखिलेल्या भगिनींचा सचोटीचा व्यवहार मला ठाऊक आहे, आणि त्याच कारणाने मी त्यांचा भागीदार होऊ नये. मी त्यांना सभेपर्यंत आणावे. भांडवल माझ्या एखाद्या समव्यावसायिकाने घालावे. त्यांच्या ओळखीच्या उद्योजकाबाबत मीही तसेच करावे. एकेकट्या डॉक्टरला जे शोभणार नाही ते मंडळामुळे शक्य होते.

पूर्वजांनी ‘अन्योन्य’ हे नाव फार विचारपूर्वक योजिले असावे. आपल्यात भांडवल आहे, ओळख आहे आणि तपासल्यावाचून विश्वास न ठेवण्याची व्यावसायिक सवयही आहे. आगामी कार्यकारिणीने अशी पहिली सभा याच वर्षी बोलवावी, अशी सूचना मी सभासदांपुढे विचारार्थ ठेवीत आहे.