धावणं नव्हे, धावण्याआधीची गोळी

पोलीस भरती निघाली की हिंगोलीपासून वसमत, कळमनुरी, सेनगावपर्यंत पहाटेचे रस्ते पोरापोरींनी भरून जातात. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 हिंगोलीतच आहे. खाकीचं स्वप्न इथे डोळ्यांसमोर वावरतं. अशा एखाद्या पोराच्या रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा, वाढलेलं निघालं की घरचे म्हणतात, ‘बंद कर ते पळणं, किडन्या जातील.’

हा निष्कर्ष चुकीचा आहे. जोरात पळताना रक्त स्नायूंकडे वळतं, मूत्रपिंडाच्या वाट्याला कमी येतं. क्रिएटिनिन तर स्नायूंतच तयार होतं. अमेरिकेतल्या 2015 च्या हार्टफर्ड मॅरेथॉनमध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 22 धावपटू तपासले. नमुना लहान, पण शर्यतीनंतर त्यांतल्या 82 टक्क्यांत मूत्रपिंडाला इजा झाल्याची चिन्हं दिसली आणि दोन दिवसांत ती ओसरली. ग्राउंडवरून थेट लॅबमध्ये गेलेल्या पोराचा रिपोर्ट म्हणजे आजाराचा दाखला नव्हे. दोन दिवस विश्रांती घेऊन तपासणी पुन्हा करावी. आकडा तेव्हाही चढाच असेल, तर डॉक्टर गाठावा.

मात्र ‘काही होत नाही, गोळी खा आणि पळ’ म्हणणारे जास्त घातक. भरतीत मुलांच्या 1600 मीटरला पैकीच्या पैकी गुण हवेत तर 5 मिनिटं 10 सेकंदांत अंतर काढावं लागतं. पोटरी धरलेली असते, मग मेडिकलवरून चिठ्ठीविना डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी येते. रक्त कमी पडलं की मूत्रपिंड आपल्या वाहिन्या रुंद ठेवून तग धरतं. ही गोळी नेमकी तीच सोय मोडते. वर ‘पाण्याने अंग जड होतं’ म्हणून पोर कोरडंच पळतं, तेही मराठवाड्याच्या उन्हाळ्यात. 80 किलोमीटरच्या शर्यतींतल्या एका चाचणीत डायक्लोफेनॅकच्याच गटातली आयबुप्रोफेन घेणाऱ्यांपैकी 52 टक्क्यांच्या मूत्रपिंडाला इजा दिसली. औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 34 टक्क्यांच्या.

जाहिरात येईपर्यंत बसून राहायचं आणि मग एका दिवसात शेकडो बैठका मारायच्या, हाही तसाच अविचार. स्नायू फुटतात, त्यांतलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात उतरतं आणि लघवी काळ्या चहासारखी होते. ती दिसली की त्याच दिवशी दवाखाना. उद्यावर ढकलायचं नाही.

सराव हळूहळू वाढवला, तहानेप्रमाणे पाणी प्यालं, तर निरोगी पोराने खुशाल पळावं. भरती ॲकॅडमी चालवणाऱ्यांना विनंती एवढीच: दुखण्याची गोळी घेऊन आलेल्या पोराला त्या दिवशी ट्रॅकवर उतरू देऊ नका.