सर्व्हर डाऊन? मग नोंद कुठे आहे?

मंडळी, "सर्व्हर डाऊन आहे" हे वाक्य हल्ली देवाची करणी असल्यासारखं ऐकवलं जातं. यंत्रं बंद पडणारच, वीज जाणारच. पण खात्यातून पैसे गेले आणि समोरच्याला पोचलेच नाहीत, याला नुसता 'बिघाड' म्हणून मान डोलवायला मी तयार नाही!

आमच्या बोरिवलीतला वाणीसुद्धा जाणतो, उधारीचा माल आधी वहीत लिहायचा, मग द्यायचा. संगणकातही हीच रीत आहे. बदल करण्याआधी तो नोंदवायचा. मध्येच यंत्र बंद पडलं, तर सुरू झाल्यावर नोंद वाचून काम पुरं तरी करायचं, नाहीतर पूर्ण रद्द. जिम ग्रे यांना १९९८ चं ट्यूरिंग पारितोषिक अशाच संशोधनासाठी मिळालं.

गणपतीत कोकणच्या गाडीचा शेवटचा बर्थ बोरिवली आणि मुलुंडच्या खिडक्यांवर एकाच क्षणी मागितला, तरी तो एकालाच द्यायचा असतो. त्यासाठी दुसऱ्याची मागणी क्षणभर थांबवतात. जमतं ना?

दोन बँकांत हे कठीण, मान्य. एकीची वही दुसरीला दिसत नाही. म्हणूनच तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये नियम केला: यूपीआयने पाठवलेले पैसे समोरच्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत, पुढे रोज १०० रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न पाहता.

तेव्हा खिडकीवरून मुकाट्याने परत फिरू नका. नियम दाखवा आणि नोंद मागा!