ज्युबिली कोणाची?

ब्रिटनच्या एलिझाबेथ राणीने २०२२ साली गादीची ७० वर्षे पुरी केली, तेव्हा तिकडे चार दिवस सोहळा चालला. राजाने गादीवरची वर्षे मोजावीत आणि रयतेने टाळ्या वाजवाव्यात, ही जुनी रीत. पण ‘ज्युबिली’ या शब्दाचा मूळ अर्थ निराळा आहे. कोरडवाहू शेतकऱ्याने तो मुद्दाम समजून घ्यावा.

हा शब्द ज्यूंच्या धर्मग्रंथातला. सात साते एकोणपन्नास वर्षे सरली की पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकायचे. अडचणीपायी विकलेली जमीन त्या वर्षी मूळ कुटुंबाकडे परत जावी, गरिबीपायी दुसऱ्याच्या दारी राबणारा मोकळा व्हावा, अशी आज्ञा. म्हणजे ज्युबिली होती ती शेतकऱ्याच्या सुटकेची. राजाच्या गादीचा तिच्याशी संबंध नव्हता.

राजांनी शिंग तेवढे ठेवले, जमीन वगळली. व्हिक्टोरिया राणीची ५० वर्षे १८८७ साली साजरी झाली. त्या निमित्ताने मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. संस्था चांगलीच. तिने गिरण्यांना शिकलेली माणसे दिली. गिरणीला कापूस पुरवणाऱ्याचे सावकाराकडचे खाते मात्र तसेच राहिले.

१८९७ साली हीरकमहोत्सव आला, तो दुष्काळात. पीक बुडाले तर सारा तहकूब करण्याची तरतूद सरकारच्याच नियमांत होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने ती गावोगाव सांगितली, म्हणून सरकारने त्याच वर्षी सभेची मान्यता काढून घेतली. आणि २२ जूनला गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यावर समारंभ झाला. रयतेला तिचा हक्क सांगणे खपले नाही, राणीचा सोहळा मात्र थांबला नाही.

आपल्याकडचे राजे गेले, सोहळे उरले. सोसायटी, बँक, बाजार समिती यांचे सुवर्णमहोत्सव होतात. मंडप पडतो, स्मरणिका निघते, पुढाऱ्यांचे फोटो छापतात. आमचा सोहळ्याला विरोध नाही. मागणी एवढीच, की ५० वर्षे मोजायची तर दोन्ही बाजूंनी मोजा. ठेवी किती वाढल्या ते छापा, तसा सभासदाच्या सातबारावरचा बोजा किती वाढला तेही छापा. कापूस आणि ज्वारीचा उत्पादन खर्च साल दर साल काय होता, हातात भाव काय पडला, याचा तक्ता पहिल्या पानावर हवा. तो तक्ता पाहिल्यावर कर्ज कशाने झाले हे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

कर्जमुक्तीला भीक म्हणणाऱ्यांना हा जुना अर्थ ऐकवा. तुमच्या तालुक्यात यंदा असा महोत्सव असेल, तर सर्वसाधारण सभेत आधी तक्ता मागा. हारतुरे नंतर.