खोलीचा पत्ता कशाला लपवायचा?

दारूचे व्यसन जडलेल्या दर ३८ भारतीयांपैकी जेमतेम एकाला कसले ना कसले उपचार मिळतात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या ‘एम्स’कडून करवून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतला हा आकडा. दाखल होऊन उपचार घेणारे तर १८० जणांत एक. दारूच्या करावर, परवान्यांवर रोज रकानेच्या रकाने छापून येतात, त्यांत उरलेल्या ३७ जणांचा उल्लेखही नसतो. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील शुल्कवाढ मंजूर केली ती १० जून २०२५ रोजी, आणि तिजोरीत वर्षाला १४ हजार कोटींची भर पडेल असा अंदाजही लगोलग मांडला गेला. योगायोग असा, की अल्कोहोलिक्स अनॉनिमस अर्थात ‘ए.ए.’ ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना १० जून हाच आपला स्थापनादिन मानते. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात संघटनेचे सहसंस्थापक डॉ. बॉब स्मिथ यांनी शेवटचा घोट घेतला तो हा दिवस. त्याला ९० वर्षे झाली, हे मात्र कोणाच्या गावी नव्हते.

या ३७ जणांसाठी सरकारने नवी इमारत बांधायची गरज नाही. मुंबईत १९५७ पासून ए.ए.च्या मीटिंग भरत आहेत. पुढे त्या राज्यभर पसरल्या. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांतून बाहेर पडलेल्यांचेही पाठपुरावा गट चालतात. ए.ए.ला फी नाही, फॉर्म नाही, शिफारस नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. बाहेरची देणगी संघटना घेत नाही. मीटिंगमध्ये पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकावेत, त्यातून चहा आणि खोलीचे भाडे निघते. इतके स्वस्त औषध सरकारी दवाखान्यातही मिळत नाही. आणि ते कुचकामीही नाही: २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए.ची वाट इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीस तोड, काही बाबतींत सरसच ठरली.

अडते ते पत्त्यावर. यकृताला सूज आलेला रुग्ण वॉर्डातून घरी जातो, तेव्हा त्याच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्या, पथ्य, पुढची तारीख सगळे असते. ‘दारू पूर्ण बंद’ असेही लिहिलेले असते, खाली दोन रेघा मारून. ती बंद कुठे बसून करायची, हे मात्र कोणी लिहीत नाही. बायको शेजारपाजारी विचारू शकत नाही, कारण विचारले की बोभाटा. मग ती विजेच्या खांबाकडे वळते. तिथे ‘न सांगता दारू सोडवा’ असा कागद चिकटवलेला असतोच, मोबाईल क्रमांकासह. त्या पुडीत काय असते देव जाणे. डायसल्फिरामसारखे औषध एखाद्याला नकळत खाऊ घातले आणि तो वर प्यायला, तर जिवावर बेतू शकते. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्धचा कायदा राज्यात १९९५ पासून आहे. हे कागद फाडायला मात्र पालिकेला वेळ नाही.

संघटना स्वतःच जाहिरात करत नाही, मग सरकारने का करावी, असे यावर सांगितले जाते. हा गैरसमज आहे. नावे गुप्त ठेवायची ती सभासदांची, खोलीची नव्हे. बहुतेक मीटिंग शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी भरतात. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसलेली मोठी माणसे, फळ्यावर सकाळचे गणित तसेच, कोपऱ्यात चहाची किटली. एकेक जण उठतो, फक्त पहिले नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो आणि आपली गोष्ट सांगून खाली बसतो. मध्येच कोणी सल्ला देत नाही. नवख्याला बोलायची सक्ती नसते. खुल्या मीटिंगला घरच्यांनाही येता येते. बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ हा वेगळा गट असतो. पहिलाच गट मानवेल असे नाही. दुसऱ्या वस्तीतला पाहावा, आणि ओळख निघण्याची भीती असेल तर तो बराच. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करण्याआधी डॉक्टर गाठावा. फिट येण्याचा, भ्रम होण्याचा धोका खरा असतो. मीटिंग हा डॉक्टरला पर्याय नव्हे.

ए.ए.च्या संकेतस्थळावर गावोगावच्या वेळा मिळतात, केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइनही आहे. पण वॉर्डाबाहेर बाकड्यावर बसलेल्या किती जणींना हे ठाऊक असते? आरोग्य खात्याने एवढेच करावे: दारूमुळे दाखल झालेल्या प्रत्येकाच्या डिस्चार्ज कार्डावर जवळच्या गटाचा वार, वेळ आणि पत्ता छापावा. आणि उत्पादन शुल्क विभागाने १४४४६ हा क्रमांक प्रत्येक वाइन शॉप, बिअर शॉपी, परमिट रूम आणि देशी दारूच्या दुकानात, गल्ल्यासमोर, ठळक अक्षरांत लावणे सक्तीचे करावे.