देवाला कोणती चाल आवडते?

अमेरिकेतल्या चर्चेसमध्ये गेली काही दशकं एक भांडण चालू आहे. इथले लोक त्याला 'वर्शिप वॉर्स' म्हणतात, म्हणजे उपासनेवरून पेटलेली युद्धं. वादाचा मुद्दा देव आहे की नाही हा नाही; रविवारी ऑर्गन वाजवायचा की गिटार, हा आहे. एका पक्षाच्या मते बाख आणि लॅटिन स्तोत्रं म्हणजे देवाला साजेशी उच्च संस्कृती, आणि ड्रम आले की चर्चचा बार झाला. दुसरा पक्ष म्हणतो, लोकांना जे आवडतं ते द्या, नाहीतर बाकं रिकामी राहतील.

मी ख्रिश्चन नाही. पण पीएचडीच्या वर्षांपासून मित्रांबरोबर बऱ्याच चर्चेसमध्ये बसलोय, आणि पोटापाण्याचा धंदाही ध्वनीशास्त्राचाच आहे. त्या जोरावर सांगतो की दोन्ही पक्ष चुकताहेत.

आधी अभिरुचीवाल्यांकडे बघू. हान्स लिओ हासलर या जर्मन संगीतकाराने १६०१ साली एक प्रेमगीत छापलं. प्रेयसीपायी जीव कासावीस झालाय, वगैरे. पुढे त्याच चालीवर येशूच्या वेदनांचं स्तोत्र बसवलं गेलं, आणि बाखने ती चाल आपल्या 'सेंट मॅथ्यू पॅशन'मध्ये पुन्हा पुन्हा वापरली. १७२७ साली लाइपझिगमध्ये ती रचना गुड फ्रायडेच्या उपासनेत झाली, समोर गावातले व्यापारी, कारागीर, त्यांच्या बायका. शंभरएक वर्षांनी, १८२९ मध्ये, मेंडेलसोनने ती बर्लिनच्या सभागृहात नेली. तिकीट काढून गप्प बसून ऐकायची 'महान कला' ती तिथे झाली. सूर तेच होते, फक्त जागा बदलली.

हँडलच्या 'मसाया'ची तऱ्हा उलटी. १७४३ साली तो लंडनमध्ये आला तेव्हा बायबलमधली वचनं नाटकगृहात गातात म्हणजे काय, म्हणून वर्तमानपत्रातून ओरड झाली. आज तोच 'मसाया' सभ्यपणाचा दाखला आहे. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी आज्ञापत्रच काढलं: चर्चमध्ये पियानो नको, ढोल-झांजा नकोत, गायकवृंदात बायका नकोत. साठ वर्षांनी, १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या भाषांना आणि त्यांच्या संगीतपरंपरांना दार उघडलं. देवाची आवड साठ वर्षांत बदलली म्हणायची का?

आणि शिकागोचा थॉमस डॉर्सी. हा आधी 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज वाजवायचा. १९३२ साली बाळंतपणात बायको गेली, पाठोपाठ बाळ गेलं, आणि त्या दुःखातून 'प्रेशस लॉर्ड' हे गाणं आलं. त्याचं संगीत त्या काळी शिकागोतल्या प्रतिष्ठित कृष्णवर्णीय चर्चेसनाही बाजारू वाटायचं. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीला महालिया जॅक्सनने हेच गाणं म्हटलं.

आता बाजारवाले. त्यांची लाडकी दंतकथा अशी की ल्यूथरने गुत्त्यातल्या चाली उचलल्या, मग आम्ही रॉक उचलला तर बिघडलं कुठे? ल्यूथरने ख्रिसमसचं एक गीत आधी लोकगीताच्या चालीवर बांधलं होतं हे खरं. पण १५३९ मध्ये त्याच गीताची चाल बदलली, हेही खरं. तो बाजारात गेला, पण भाजी निवडून घेतली. यांनी बाजारालाच आत बोलावलं. 'स्पॅरो' ही ख्रिस्ती गाण्यांची कंपनी १९९२ साली ईएमआयने विकत घेतली. आज रविवारी इथे गायल्या जाणाऱ्या नव्या गाण्यांत मोजक्या बड्या चर्चेसच्या बँडचा मोठा वाटा असतो, आणि त्यांचे शब्द छापायला किंवा पडद्यावर दाखवायला परवान्याची फी भरावी लागते. याला 'लोकांचं संगीत' कोणत्या तोंडाने म्हणायचं?

माझ्या धंद्यातलं एक सांगतो. मोठ्या दगडी कॅथेड्रलमध्ये आवाज पाच-सहा सेकंद घुमतो. तिथे संथ, वाद्यांविना गाणं खुलतं आणि ड्रमचा चिखल होतो. गालिचे आणि गादीच्या खुर्च्यांच्या नव्या हॉलमध्ये आवाज सेकंदाभरात विरतो. तिथे ड्रम स्वच्छ वाजतो, पण शेजारच्याचा आवाज ऐकू येत नाही. शेजारी ऐकू आला नाही की साधा माणूस लाजून गाणं थांबवतो. वर स्पीकर छातीत धडधडत असले की संपलंच. तो प्रेक्षक होतो. आणि पगारी गायकवृंद चार सुरांत इतकं अवघड गातो की बाकीच्यांनी नुसतं डोळे मिटायचे, तिथेही तो प्रेक्षकच. मग दोन्हीकडचा फरक काय? तिकडे कोट, इकडे जीन्स.

म्हणून 'उच्च की लोकप्रिय' हा प्रश्नच मला बोगस वाटतो. त्याआडून आपला वर्ग किंवा आपला धंदा देवाच्या नावावर खपवता येतो, इतकाच त्याचा उपयोग. बाकावरचा माणूस स्वतः गातो का, हे विचारा.

हे मराठी माणसाला उमजायला अवघड जाऊ नये. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली गोव्यात राचोलला 'क्रिस्तपुराण' छापलं, सुमारे ११,००० ओव्यांचं. ओवी ज्ञानेश्वरीची, आणि जात्यावरचीही. ती उच्च की लोकप्रिय? रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्तासाठी अभंग लिहिले, कीर्तन उभं केलं. दोघांनाही एकच कळलं होतं, लोकांना म्हणता येईल ते द्यावं. आणि आपण? घरच्या आरतीला बेसूर का होईना सगळे ओरडतात. मंडपात डीजे आणि सभागृहात 'अभंगवाणी', दोन्हीकडे आपण ऐकणारे.

असो. कधी मुलांकडे अमेरिकेत आलात आणि कुणी भव्य चर्च दाखवायला नेलं, तर ऑर्गनच्या नळ्या मोजत बसू नका. शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्याचे ओठ हलताहेत का, तेवढं बघा.